करंगळीला थांबतात

शेगावात माझ्या दातांच्या दवाखान्यात येणारी बरीचशी लहान पोरं घरून दर्शनाला निघालेली असतात. म्हणजे त्यांना तसं सांगितलेलं असतं. गुरुवारी तर हमखास. काही आईबाप आधी मंदिरात नेतात, मग कचोरी खाऊ घालतात, आणि पोरगं खूश झालं की हळूच माझ्या दारापाशी आणतात. काही उलटं करतात. आधी दवाखाना, मग दर्शन. त्यांचं म्हणणं असं, की इथं रडून झालं की तिथं रांगेत गप उभं राहतं. दोन्ही तऱ्हा मी वीस वर्षं पाहत आलेय, आणि दोन्हीत पोर एकच गोष्ट करतं. खुर्ची दिसली की आधी खुर्चीकडे बघतं, आणि लगेच आईबापाकडे बघतं. त्या दुसऱ्या बघण्यात काय असतं, याचा मी कधी विचार केला नव्हता.

मी मूळची बुलढाण्याची. तिथली हवा थंड, पण हिच्या डोक्याला ती लागली नाही, असं माझे यजमान येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. खोटं नाही ते. मला राग पटकन येतो आणि तो तोंडावर दिसतो. पण पोरांच्या बाबतीत मी स्वतःला फार हुशार समजायचे. पोर दारातून आत आलं की मी मावशींच्या कानात सांगायचे, हे रडणार, हे चावणार, हे गुपचूप बसणार. मावशी म्हणजे माझ्या दवाखान्यात मदतीला असणाऱ्या बाई, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. आमची चहाची पैज लागायची आणि बहुतेक वेळा मीच जिंकायचे. गुपचूप बसणारं पोर म्हणजे धीट पोर, असा माझा साधा हिशेब होता.

चार-पाच वर्षांपूर्वी पावसाळ्यात अशाच एका गुरुवारी ती आली. सोनाळ्याची, चौथीत शिकणारी, नऊ वर्षांची. दोन घट्ट वेण्या, नवा फ्रॉक, आणि हातात नारळाची पिशवी. सोबत तिचे बाबा. उंच, भिडस्त माणूस, गावाकडे संत्र्याची बाग असलेला, आणि बोलताना सारखा उजव्या गालाला हात लावणारा. माझं लक्ष जायचंच. "तुमचं काय दुखतंय?" मी विचारलं.

"माह्यं काई नाही मॅडम. पोरीचं पाहा."

पोरगी खुर्चीसमोर उभी राहिली. वरचा दिवा, बाजूचं मशीन, ट्रेमधली हत्यारं, सगळं तिनं सावकाश पाहून घेतलं. मग बाबांकडे वळून विचारलं, "बाबा, हे मंदिर हाय काय?"

बाबा हसले. मावशी हसल्या. मीही हसले, आणि चांगली खळखळून हसले. आज ते आठवलं की मला माझाच राग येतो.

ती मात्र रडली नाही. नारळाची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली, तोंड उघडलं. खालच्या डाव्या बाजूची दाढ किडली होती आणि कीड पार नसेपर्यंत गेली होती. बाबांना सांगितलं तर ते निवांत म्हणाले, "दुधाची असन न. पडन, दुसरी येईन."

झालं! माझं डोकं फिरलं. हे वाक्य मी रोज ऐकते. ही दाढ सहाव्या वर्षी मागच्या बाजूनं गुपचूप येते. एकही दुधाचा दात पाडून येत नाही, म्हणून लोकांना वाटतं ही पण दुधाचीच. अहो, ही आयुष्यभराची दाढ आहे, मी त्यांना जरा चढ्या आवाजातच समजावलं. ती गेली की गेली, पुन्हा यायची नाही. वाचवायची तर तीन वेळा यावं लागेल. नस साफ करायची, औषध भरायचं, आणि शेवटी कायमचं बुजवायचं. मध्येच सोडलंत तर काढून टाकण्याशिवाय काही उरणार नाही.

बाबांनी मान हलवली. माझ्या आवाजानं ते जरा दबकलेच होते.

मग मी पोरीकडे वळले आणि आवाज मऊ केला. आमच्या धंद्यात सगळ्यांचा एक मऊ आवाज असतो. "घाबरायचं नाही माय. काही नाही होत. मुंगी चावल्यासारखं वाटेल. आणि दुखलं तर हा डावा हात वर करायचा. तू हात वर केला की मी थांबणार. कळलं?"

"हाव," ती म्हणाली.

हे हाताचं वाक्य मी कॉलेजात शिकले आणि तेव्हापासून प्रत्येक पोराला सांगत आले. इतकं पाठ झालंय की सांगताना माझं लक्ष दुसरीकडेच असतं. त्या दिवशीही तसंच होतं, बाहेर गुरुवारची गर्दी खोळंबलेली. मी कामाला लागले. थोड्या वेळानं तिचा डावा हात वर आला. माझं अगदी महत्त्वाच्या जागी चाललं होतं. "झालंच, झालंच, एकच सेकंद," मी म्हटलं आणि काम चालू ठेवलं. तो एक सेकंद चांगला लांबला. हात पुन्हा वर आला. मावशींनी तो अलगद धरला, थोपटला आणि खाली ठेवला. त्यानंतर हात वर आला नाही.

पुढचा अर्धा तास पोरगी हलली नाही की कण्हली नाही. मी खूश. "वा गं वा, किती शहाणी!" म्हटलं, हातावर चमकीची चांदणी चिकटवली आणि मावशींकडे बघून भुवया उडवल्या, कारण पैज मी जिंकले होते. कागदावर लिहिलंही, मूल धीट आहे, उत्तम सहकार्य. जाताना बाबा म्हणाले, "चाल माय, आता खरंच दर्शनाले जाऊ."

दहा दिवसांनी ती दोघं दुसऱ्या वेळेसाठी आली. पोरगी खुर्चीत बसली, तोंड उघडलं, मी सुई हातात घेतली, आणि तिनं करंगळी वर केली.

ज्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत दिवस काढले आहेत त्यांना हे समजवायला नको. करंगळी म्हणजे एकी. लघवीला जायचंय. माझा हात आपोआप मागे आला. "जा, जाऊन ये." आमच्या दवाखान्यामागे लहानसं अंगण आहे, तिथं नळ आणि संडास. ती गेली, पाच मिनिटांनी आली, बसली. मी पुन्हा सुई घेतली. पुन्हा करंगळी.

"आत्ताच गेलतीस नं?"

"पुन्हा लागली."

दुसऱ्यांदा जाऊन आली. या वेळी सुई टोचू दिली, डोळेसुद्धा मिटले नाहीत. बधीर व्हायला थोडा वेळ गेला, मी मशीन उचललं, आणि तिसऱ्यांदा करंगळी वर आली. आता मात्र माझा तोल गेला. "अगं, माठभर पाणी पिऊन आलीस का सोनाळ्याहून?" बाबा शरमेनं लाल झाले. "काऊन तमाशे करून राह्यली वं?" ते तिच्यावर ओरडले. ती उठून मागं निघून गेली.

रागानं मी दोन मिनिटं बसून राहिले. मग रागाच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. मला नवल वाटायला लागलं. ही पोरगी रडत नाही, पळत नाही, सुईला घाबरत नाही. मग सारखी जाते कुठं? मी हातमोजे काढले आणि तिच्यामागं गेले.

संडासाचं दार उघडंच होतं. आत कोणी नव्हतं. ती नळापाशी उभी होती, भिंतीकडे तोंड करून, आणि बोटं मोजत होती. सुई दिलेली असल्यानं अर्धी जीभ जड झालेली, शब्द लोळत होते, पण मला नीट ऐकू आलं.

"सुई झाली. अर्धं तोंड झोपलं. आता मशीन. मंग पानी. मंग कापूस. मंग कडू औषध. मंग घरी."

मी जागच्या जागी उभी राहिले. मागच्या वेळी मी काय काय केलं, कशानंतर काय केलं, ते तिनं सगळं लक्षात ठेवलं होतं. मी तिला फक्त एवढंच सांगितलं होतं, की काही नाही होत.

मी दिसले तशी ती दचकली. "तुले लागली नव्हती," मी म्हटलं. चिडले किंवा गडबडले की माझ्या तोंडात बुलढाणा येतो.

तिनं मान हलवली. नव्हती.

"मंग करंगळी काऊन दाखोली?"

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. उद्धटपणा नव्हता त्यात, मला एक साधी गोष्ट कशी ठाऊक नाही एवढंच होतं. "हात वर केला त तुमी थांबत नाही. करंगळीले थांबतात. शाळेत बी तसंच हाय. उत्तराच्या हाताकळे बाई पाहतच नाही. करंगळीले लगेच जा म्हनते."

नऊ वर्षांच्या पोरीनं माझी चोरी पकडली होती! मनात आधी आली ती लाज नव्हती, सरळ राग होता. एवढं शिकलेली मी, एवढी पोरं हाताखालून गेलेली, आणि ही मला शिकवणार? तो राग ओसरायला जरा वेळ लागला. त्यानंतर मला खरोखर जाणून घ्यावंसं वाटलं, म्हणून मी तिथंच नळाच्या कट्ट्यावर बसले आणि विचारलं, "भीती वाटते का?"

"हाव."

"कुठं वाटते?"

असा प्रश्न मी त्याआधी कोणाला विचारला नव्हता. ती क्षणभरही थांबली नाही. "तळपायात. मुंग्या येतात. मंग इथं उभं राह्यलं की जातात."

"आणि पोटात?"

"पोटात भीती नाही लागत. पोटात राग येते."

"कोणाचा?"

"बाबाचा. दर्शनाले चाललो म्हने." मग माझ्या गुडघ्याकडे बघत, "आनं तुमचा."

माणसं पन्नाशीला येतात आणि आपण घाबरलोय की चिडलोय हे त्यांना सांगता येत नाही. मला तरी येत नव्हतं. त्या रात्री जेवताना मी स्वतःलाच विचारलं, बाई गं, तुझा राग कुठं असतो? आणि लक्षात आलं की मी दाढा करकचून आवळून बसले होते. दातांची डॉक्टर, आणि इतकी वर्षं स्वतःच्याच दाढा झिजवतेय!

पण हे नंतरचं. तेव्हा मी तिला घेऊन आत आले आणि बाबांसमोर, मावशींसमोर म्हटलं, "माझं चुकलं. हात वर केला की थांबेन म्हटलं होतं, आणि थांबले नाही." मावशींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मला बरं नाही. "आता खरंच थांबेन," मी म्हटलं.

पोरीनं लगेच विश्वास ठेवला असेल असं वाटतं का? छे! तिनं माझी परीक्षा घेतली. मशीन नुसतं हातात घेतलं, हात वर. मी थांबले. हात खाली. मशीन तोंडाजवळ नेलं, हात वर. थांबले. दाढेला लागतंय न लागतंय तोच पुन्हा वर. दुखत नव्हतं तिला, दाढ पूर्ण बधीर होती. ती फक्त बघत होती, की हात चालतो का. बाहेर माणसं खाकरत होती, कोणीतरी दारातून डोकावून गेलं, आणि माझ्या दाढा आवळलेल्या. सातव्यांदा हात वर आला तेव्हा माझ्या तोंडाशी शब्द आले होते. मी ते गिळले आणि थांबले.

आठव्यांदा हात आला नाही. पण तोवर वेळ गेलेला होता. काम अर्धंच झालं, तात्पुरतं सिमेंट लावून मी दाढ बंद केली.

बाबांचा संयम संपला होता. "मॅडम, असं पोरीच्या कलानं घेतलं त कसं होईन? सोनाळ्याहून येनं-जानं सोपं हाय काय? काढूनच टाका न ते दाढ. एका दिवसात मोकळं."

"काढू नका," मी म्हटलं. पहिल्या दिवसासारखा आवाज चढवावासा वाटला, पण चढवला नाही. "पंधरा दिवसांनी आणा. हे सिमेंट फार टिकत नाही." ते गालाला हात लावून नुसते उभे राहिले. आणतो म्हणाले नाहीत, नाही आणत असंही म्हणाले नाहीत.

पंधरा दिवस झाले. ती आली नाही. त्यापुढचा गुरुवारही गेला. मी फोन केला तर कापणीत अडकलेले बाबा म्हणाले, "सोयाबीन सोंगून राह्यलो मॅडम, पाहू." हे पाहू मला चांगलं माहीत आहे. सिमेंट निघून आत पुन्हा कीड लागली की दाढ हातची जाणार, आणि ती जाणार माझ्या पहिल्या दिवसाच्या घाईपायी. मी थांबले असते तर एवढं सगळं लांबलंच नसतं. मला चैन पडेना. दरम्यान एक खूळ मात्र लागलं. येईल त्या पोराला मी विचारू लागले, भीती कुठं वाटते? कोणी म्हणे कानात, कोणी मानेत. खामगावच्या एका पाच वर्षांच्या पोरानं फार विचार केला आणि शेजारी बसलेल्या आईचा हात दाखवून म्हणाला, "इथं." आईनं त्याचं मनगट इतकं घट्ट आवळलं होतं की तिची बोटं पांढरी पडली होती. मावशी वैतागल्या. म्हणाल्या, "पैज लावनं सोडलं आनं आता हे काय काढलं?" चहा बंद झाल्याचं त्यांना जास्त वाईट वाटत होतं.

आणि एका सोमवारी, गर्दी नाही काही नाही, सकाळी दहाला दारात दोन घट्ट वेण्या. पिशवी नाही, नारळ नाही, शाळेचाच गणवेश. मागं बाबा, गाल चांगलाच सुजलेला.

"आज मी नाही आनलं मॅडम," ते म्हणाले. "आज तिनं आनलं मले. रोज डोकं खाल्लं माह्यं, सिमेंट निंघून जाईन, सिमेंट निंघून जाईन."

मला फार आनंद झाला. मी दाढ पाहिली. सिमेंट एका कडेनं खचलं होतं, पण टिकलं होतं. वेळ गेली नव्हती.

ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आज काय काय करता, सांगा." मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोटांवर मोजून. "सुई टोचेल. दुखेल. इतकं." तिच्या दंडाला चिमटा काढून दाखवला, खराखुरा. ती म्हणाली, "बरं."

काम सुरू झालं. मध्ये एकदा हात वर आला. मी मशीन बंद केलं, बाहेर काढलं, ट्रेमध्ये ठेवलं आणि वाट पाहिली. या वेळी परीक्षा नव्हती, तिला खरंच दुखलं होतं. तळपाय एकमेकांवर घासले तिनं. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग तिनं स्वतःच हात खाली घेतला आणि म्हणाली, "करा आता." त्या दिवशी दाढ कायमची बुजवून झाली.

मी बाबांकडे वळले. "तिचं झालं. आता तुम्ही बसा. कधीपासून दुखतंय?"

त्यांनी खाली पाहिलं. "दोन वर्सं झाले असन." पोरीची दाढ पाहायला तीनदा माझ्या दारात आलेला हा माणूस स्वतः कधी खुर्चीजवळ फिरकला नव्हता. बळेबळेच बसले. खुर्ची मागं झुकवली तर दोन्ही हातांनी कडा धरल्या. पोरगी शेजारच्या स्टुलावर बसली, तोंडात कापूस घेऊन.

"मॅडम, दुखन काय हो?" एवढा उंच माणूस, पण आवाज अगदी बारीक झाला होता.

माझा मऊ आवाज आपोआप निघाला. "नाही हो, काही नाही होत. मुंगी चावल्यासारखं..."

स्टुलावरून जड जिभेनं, पण स्पष्ट आवाज आला. "मॅडम, बाबाले दर्शनाले नाही आनलं. खरं सांगा."

मी सुई खाली ठेवली. मग बाबांना सांगितलं, की सुई टोचेल तेव्हा दुखेल, नंतर गाल झोपेल, मग मशीन, मग पाणी. ते ऐकत होते आणि कपाळावर घाम येत होता. मी पुन्हा सुई उचलली, तर त्यांच्या उजव्या हाताची करंगळी, लाजत लाजत, थोडीशी वर आली.

पोरीनं ती पाहिली. स्टुलावरून उतरून बाबांजवळ गेली, त्यांची करंगळी मुठीत धरून खाली घेतली आणि त्यांचा पूर्ण पंजा उघडून वर धरला.

"असा करा बाबा," ती म्हणाली. "थांबतात त्या."

मी थांबले होते.